पाण्याची बादली कुठल्या व्यायामात धरता?

पत्र जुळे सोलापुरातून आलंय. लिहिणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलं ते सुटलंच. चालणं, डाएट, योगासनं सगळं करून झालं. शेवटी स्वतः साठवलेल्या पैशांतून त्यांनी चार आठवड्यांपूर्वी पुण्यात टमी टक करून घेतलं. पोटावरची जादा त्वचा आणि चरबी काढली, आतले स्नायू शिवले. हे फक्त नवऱ्याला ठाऊक आहे. सासूबाईंना, शाळेत आणि सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये ‘हर्नियाचं ऑपरेशन’ असं सांगितलंय. आता सासूबाई विचारतात, “अजून दुखायलंय का? हर्नियाला काय एवढं?” ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणते, तिचा हर्निया दुर्बिणीतून केला होता आणि ती पंधराव्या दिवशी मैदानावर हजर होती. इकडे काट्यावर दीड किलो वाढलंय, संध्याकाळी पोट टम्म होतं आणि जिमचं तीन महिन्यांचं पॅकेज आधीच भरून ठेवलंय. ताई विचारतात: “सहा आठवडे झाले की थेट झुंबा सुरू करू का? तोवर घरी कपालभाती चालेल का? एवढा खर्च करून पोट परत सुटलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.” पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: “घरातलं सगळं मी दुसऱ्या आठवड्यापासून करते आहे, पाणीसुद्धा भरते.”

ताई, तुमचं पत्र मी त्या शेवटच्या ओळीपासून परत वाचलं.

झुंबा कधी, कपालभाती कधी, याची उत्तरं देते. पण ‘व्यायाम’ म्हणून ज्याची परवानगी तुम्ही मागताय, त्याहून जड व्यायाम तुम्ही दोन आठवडे रोज करताय आणि तो कुणाच्या हिशेबात नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप, टाकी, हंडे, कळशा, घरात जे म्हणून भांडं असेल ते भरून घ्यावं लागतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो, आणि तीही एका हाताने, एका बाजूला कलून, ओल्या फरशीवर. टमी टकनंतर पहिले सहा आठवडे साधारण चार-पाच किलोंच्या वर काही उचलू नका असं बहुतेक सर्जन सांगतात. तुम्ही एका पहाटेत त्याच्या तिप्पट वजन वीस वेळा उचललं असेल.

बादलीच कशाला? भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो. नुसता तिरका करून सरकवला तरी पोटाला ताण बसतोच. साठ वह्यांचा गठ्ठा सहज आठ-दहा किलो भरतो. आपली सोलापुरी चादर भिजली की किती जड होते ते तुम्हाला मी सांगायला नको. ती पिळताना कमरेपासून जो पीळ बसतो, तोच झुंबातही बसतो. स्कूटर मेन स्टँडला ओढून लावतानाचा झटकाही त्यातलाच. (ती साइड स्टँडलाच लावत जा, आजपासून.) टाके पडलेल्या पोटाला हे घरकाम आणि तो व्यायाम असा फरक कळत नाही. त्याला फक्त ताण कळतो.

ऑपरेशनमध्ये काय झालंय हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. पोटाच्या पुढच्या बाजूला बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत स्नायूंच्या दोन उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्या मधला पातळ चिवट पडदा गरोदरपणात ताणला जातो, पट्ट्या एकमेकींपासून लांब जातात आणि काहींच्या बाबतीत त्या परत जवळ येतच नाहीत. कितीही पोटाचे व्यायाम केले तरी तुमचं पोट आत जात नव्हतं, त्याचं हे मोठं कारण असू शकतं. त्यात तुमचा आळस नव्हता. सर्जनने तो सैल पडदा आतून दुमडून वरपासून खालपर्यंत शिवला. सैल झालेल्या ब्लाउजला आतून टिपा घालून अंगासरसा करतात ना, तसंच काहीसं. त्यावरची त्वचा मोकळी करून, खाली ओढून, जादाची कापून पुन्हा बसवली. म्हणजे बाहेर दिसते ती बिकिनी रेषेवरची एक जखम. आत मात्र मधोमध टिपांची लांब ओळ आहे आणि त्वचेखाली तळहाताहून कितीतरी मोठी जागा अजून चिकटायची आहे.

तुमचं वरचं व्रण कोरडं झालंय, म्हणून तुम्हाला वाटतंय सगळं भरलं. पण जखम वरून मिटते ती लवकर, आतून ताकद येते ती सावकाश. सहा आठवड्यांच्या सुमाराला भरलेल्या जखमेत मूळच्या निम्म्याच्या आसपास ताकद आलेली असते. ८० टक्क्यांपर्यंत पोचायला तीन महिने तरी लागतात, आणि पूर्वीइतकी पुरती ताकद तिथे परत कधी येत नाही. म्हणून ‘सहा आठवडे झाले की थेट झुंबा’ हा हिशेब मला पटत नाही. सहा आठवडे म्हणजे दार उघडायची तारीख नाही. त्या दिवशी सर्जनने हात लावून पोट तपासायचं आणि मग पुढचा जिना चढायला सुरुवात करायची, एकेक पायरी.

आपल्याकडे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेआधी नंदीध्वजाचा, त्या उंच जड काठ्या पेलण्याचा, सराव किती दिवस चालतो ते तुम्ही पाहिलं असेल. पिढ्यान्‌पिढ्या पेलत आलेल्या घरातला तरणाबांड माणूसही थेट यात्रेच्या दिवशी खांद्याला लावत नाही. तुम्ही तर एका मोठ्या ऑपरेशनमधून उठलाय.

आता वजनाचं. वाढलेलं दीड किलो चरबी असेलच असं मुळीच नाही. ऑपरेशननंतर शरीर पाणी धरून ठेवतं, पोटाच्या खालच्या भागातले लसीकेचे (जादा द्रव वाहून नेणारे) मार्ग कापले गेलेले असतात, त्यामुळे सूज उतरायला वेळ लागतो. सकाळी पोट बरं आणि संध्याकाळी टम्म, हे अनेकींना कित्येक महिने होतं. सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. तेव्हा काटा उचलून कपाटावर ठेवा. या काळात जेवण तोडू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळी, उसळी, दूध-दही, खात असाल तर अंडी. भाकरीबरोबर शेंगाचटणी आहेच, पण तेवढ्यावर भागवू नका. आणि एक नाजूक गोष्ट विचारते, राग मानू नका. मिश्री लावत असाल तर ती बंद करा. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि ओढून बसवलेल्या त्वचेच्या कडेला रक्तच कमी पोचतं. बिडी-सिगारेटबद्दल डॉक्टर विचारतात, मिश्रीबद्दल बायका आपणहून सांगत नाहीत.

पण ताई, मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते हे नाही. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पाणी भरायला उठलात, ते पाणी भरणं भाग होतं म्हणून एवढंच नसावं. नवरा घरात आहे, त्याला खरं माहीत आहे. मला असं दिसतंय की ‘हे मी हौसेने केलं’ ही बोच तुमच्या मनात आहे, आणि हौसेच्या दुखण्याला विश्रांती मागायची नसते असं तुम्ही ठरवून टाकलंय. हर्निया असता, गर्भाशयाचं ऑपरेशन असतं, तर तुम्ही पडून राहिला असतात. इथे पैसे तुमचे, निर्णय तुमचा, म्हणून त्रासही निमूट सोसायचा.

हे तुम्ही तपासून बघा. निर्णय कुणाचा होता यावर टाके किती दिवसांत भरतील हे ठरत नाही.

माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा मी शाळेत होते. तिचं तर कुणी हौस म्हणावं असं नव्हतंच. तरी तेराव्या दिवशी पहाटे नळ आला आणि ती उठली. कळशी कमरेवर घेताना तिने दुसऱ्या हाताने पोट दाबून धरलं होतं, ते मला अजून दिसतं. मी अंथरुणात जागी होते आणि उठले नाही. तुमच्या पत्रातली ती ओळ वाचताना मला तिचा तो हात आठवला.

खोट्याबद्दल तुम्हाला दोष देणार नाही. स्वतःच्या शरीराबद्दल कुणाला किती सांगायचं हा तुमचा हक्क आहे. फक्त त्या एका शब्दाबरोबर काय काय आलं बघा. तुम्ही ‘हर्निया’ म्हणालात आणि लोकांनी तुम्हाला हर्नियाची मुदत लावली. मैत्रिणीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला दोन-तीन छोटी छिद्रं होती. तुमची जखम एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आहे. ती पंधराव्या दिवशी आली म्हणून तुम्ही मागे पडलात असं होत नाही. तुमच्या दोघींचा रस्ताच वेगळा आहे.

सासूबाईंना सगळं सांगायचंच असा माझा आग्रह नाही. सांगितलंत तर मोकळं वाटेल, कदाचित चार दिवस धुसफूसही होईल. ते घर तुम्ही ओळखता, मी नाही. पण मधला एक रस्ता आहे आणि तो शंभर टक्के खरा आहे. सांगा: “आत स्नायू शिवलेत. डॉक्टर सांगतील तोवर वजन उचलायचं नाही.” यात ऑपरेशनचं नाव नाही आणि खोटंही नाही. हे वाक्य तुमच्या मिस्टरांनी म्हणावं असं मला फार वाटतं. त्यांनी तुमचं गुपित राखलं, चांगलं केलं. आता पाण्याच्या दिवशी पहाटे त्यांनी उठावं.

एका ठिकाणी मात्र ‘हर्निया’ चालणार नाही, ते म्हणजे डॉक्टर. रात्री-अपरात्री काही झालं, तर समोर जो डॉक्टर असेल त्याला टमी टक केलंय, अमुक तारखेला केलंय, हे स्पष्ट सांगायचं. सासूबाई बरोबर असतील तर त्यांना बाहेर बसवून सांगा. पिंडरी एकाच पायाची सुजली, दुखायला लागली, एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखलं, तर पुण्याला फोन करत बसू नका. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते आणि पोटाच्या या ऑपरेशननंतर तो धोका खरा असतो. जवळचं हॉस्पिटल गाठा, नाहीतर आपलं सिव्हिल, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. त्याखालोखाल लक्ष ठेवायचं ते या गोष्टींवर: पोट एकाच बाजूला फुगणं, हलताना आत पाणी डुचमळल्यासारखं वाटणं, ताप, व्रणाभोवती लाली, दुर्गंधी, पू. त्वचेखाली पाणी साठणं हा टमी टकनंतर सगळ्यात जास्त दिसणारा त्रास आहे आणि फार लवकर फार हालचाल केली की तो वाढतो. तुमचं संध्याकाळी टम्म होणारं पोट बहुधा साधी सूजच असेल, पण तुम्ही बादल्या उचलल्यात, म्हणून ते कुणीतरी हाताने तपासायला हवं. व्हिडिओ कॉलवर डुचमळणं कळत नाही.

तुम्ही दुसरी तपासणी ‘घरी काय सांगू’ म्हणून पुढे ढकललीत असं लिहिलंय. ती याच आठवड्यात करा. हुतात्मा एक्स्प्रेसने चार तासांचा प्रवास आहे. तासातासाने उठून डब्यात चार पावलं चाला, बसल्या जागी पावलं वरखाली हलवत राहा, पाणी पीत राहा. सर्जनला विचारा: स्नायू कुठून कुठपर्यंत शिवले? बरोबर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, केलं का? आत पाणी साठलंय का? किती किलो, किती तारखेपर्यंत? ही उत्तरं कागदावर लिहून मागा. तोच कागद पुढे जिममधल्या ट्रेनरला दाखवायचा आहे. त्याला खरं सांगायला लाज वाटत असेल तर ‘पोटाचे स्नायू शिवलेत’ एवढं पुरे, पण तेवढं तरी सांगायचंच. आणि जिमवाल्यांना पॅकेज पुढे ढकलून मागा. डॉक्टरांचा कागद असला की बरेच जण ऐकतात. नाही ऐकलं तर ते पैसे गेले असं समजा. ते वसूल करायला टाके पणाला लावू नका.

आता तुम्ही विचारलेलं. सर्जनचा शब्द माझ्या शब्दाच्या वर, हे धरूनच वाचा.

पुढचे दोन आठवडे फक्त चालणं. चालण्याला कमी लेखू नका, रक्त फिरतं ठेवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. होम मैदानासारखी सपाट जागा धरा, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. ग्रुपच्या वेगाने नको. उन्हं तापायच्या आत घरी या, कारण ऑपरेशननंतर पोटाला बांधायच्या पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठतं. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पट्टे दोन घ्या, एक अंगावर, एक धुण्यात, आणि आत सुती बनियन. पट्टा आहे म्हणून वजन उचललं तर चालतं, असं मात्र मुळीच नाही.

याच काळात पडल्या पडल्या श्वासाचा एक व्यायाम करा. गुडघे वाकवून पाठीवर झोपा, श्वास बरगड्यांच्या कडांपर्यंत भरा आणि सोडताना ओटीपोट अगदी हलकं, तोळाभर आत घ्या. दुखता कामा नये. उठताना सरळ बसायचं नाही. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या जोरावर उठा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानेही आत तोच दाब येतो.

सहा आठवड्यांनी, पोट तपासून झाल्यावर, चालण्याचा वेग वाढवा. ताठ बसून चालवायची जिमची सायकल चालेल, हातांसाठी एक-दोन किलोंची डंबेल्स खुर्चीत बसून. आठव्या आठवड्याच्या सुमारास खुर्चीवरून उठबस, उठताना श्वास सोडत. उड्या आणि कमरेचे पीळ असलेला झुंबा तीन महिने होत आले की, तोही सुरुवातीला उड्या वगळून. कपालभाती आत्ता अजिबात नको. त्यात प्रत्येक श्वासाला शिवलेल्या स्नायूंना झटका बसतो, मिनिटाला कित्येक वेळा. सूर्यनमस्कारातलं भुजंगासन व्रण थेट ताणतं. हे दोन्ही, प्लँक आणि पोटाच्या उठाबशा, तीन महिन्यांनंतर आणि परवानगीनेच. अनुलोम-विलोम मात्र आजपासून करा, श्वास न कोंडता.

पायरी चढायची की थांबायचं हे कसं ओळखायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी. काल जे केलं त्याने आज उठताना सूज किंवा दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल, तर एक पायरी खाली या आणि दोन दिवस तिथेच थांबा. आधी वेळ वाढवा, मग वेग, वजन सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात एकच. आणि कुठलाही व्यायाम करताना बेंबीच्या वर-खाली मधोमध पोटाचा उंचवटा वर आला, तर तो व्यायाम आज तुमचा नाही.

आणखी एक, कारण घरात मोठी माणसं प्रेमाने सुचवतील: पोट शेकू नका. व्रणाच्या वरची त्वचा कित्येक महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी भाजतेय हे कळतच नाही, कळतं ते फोड आल्यावर.

अशाच स्थितीतल्या इतरांसाठी थोडं. नुसतं लायपोसक्शन झालं असेल तर दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं चालणं आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत हळूहळू व्यायाम. छातीचं ऑपरेशन झालेल्या बायकांनी, आणि छातीचा उभार काढून घेतलेल्या जिमच्या पोरांनीही, हात डोक्यावर नेणं, दंड-बैठका, बेंच प्रेस साधारण दीड महिना लांब ठेवावं. घाईने बेंचवर परतलं तर आत रक्त किंवा पाणी साठू शकतं. नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर डोकं खाली जाणारी आसनं आणि चेंडू लागेल असे खेळ नकोत. केस लावून घेतले असतील तर पहिले दहा-पंधरा दिवस घामाचा व्यायाम नको आणि हेल्मेट कधी घालायचं ते डॉक्टरांना विचारा. तोवर गाडीच चालवू नका.

ताई, पुढच्या वेळी पाणी येईल तेव्हा मोटरचं बटण तुम्ही दाबा आणि पाइप पिंपात धरून उभ्या राहा. एवढं चालेल. पिंप भरलं की मिस्टरांना हाक मारा. पुण्याहून आलात की सर्जनने कागदावर काय लिहून दिलं ते मला कळवा. वजन किती हे नको, आत पाणी होतं का नव्हतं, ते आधी लिहा.